फळीवरच्या पाच सुऱ्या

१. दसऱ्याची दुपार

हुसेनभाईंची सुरी मोडली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. सुपारी फुटावी एवढाच. पण अंगणात बसलेल्या साठ-सत्तर माणसांच्या माना एकदम वळल्या. टोकाकडचा अर्धा तुकडा व्हाइसच्या लोखंडी पकडीत अडकून राहिला आणि उरलेला अर्धा परीक्षा घेणाऱ्या जोतिबाच्या हातात आला. जोतिबा त्या तुकड्याकडे असा बघत राहिला, जणू दोष त्याचाच होता.

सन एकोणीसशे सेहेचाळीसचा दसरा. गाव रहिमतपूर, जागा हुसेन लोहारांच्या साळेपुढचं, म्हणजे भट्टीच्या छपरापुढचं, अंगण. आमच्या रविवार भाता मंडळाचा वार्षिक मेळावा चालू होता, आणि मी त्या मंडळाचा चिटणीस शरच्चंद्र, साताऱ्याचा वकील. आठवडाभर कोर्टात तोंड चालवायचं आणि रविवारी रहिमतपुरात येऊन घण चालवायचा, हे माझं तीन वर्षांचं व्यसन. लोक तंबाखू खातात, पत्ते खेळतात. आम्ही चौघं लोखंड तापवतो. आम्हाला शिकवणारे एकटे हुसेनभाई. गोऱ्या सरकारच्या कृपेने तलवार घडवायची सोय नव्हती, म्हणून आम्ही विळ्या, अडकित्ते आणि सुऱ्या घडवायचो.

"हुसेनमिया," पाहुण्यांच्या खुर्चीवरून गंगाधरपंत म्हणाले, "हे काय झालं?"

गंगाधरपंत सांगलीच्या नव्या उद्योगशाळेचे मुख्याध्यापक. त्यांना लोहारकाम शिकवायला माणूस हवा होता. हुसेनभाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून गेला होता. मोठा घण त्यांना उचलत नव्हता, पण शिकवण्यात त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नव्हता. अर्ज मी लिहिला होता. पंतांचं उत्तर आलं होतं, "आधी हात पाहतो, मग ठरवतो." तो हात पाहायला ते खास मिरजेच्या गाडीने आले होते, आणि पहिलीच सुरी मोडली.

हुसेनभाई उठले. जोतिबाच्या हातातला तुकडा घेतला, अंगठा फिरवला, उन्हात धरला.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले.

गर्दीत कुणीतरी हसलं. पडलेला पैलवान माती झटकत हेच म्हणतो. हुसेनभाईंनी मान वर केली, आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि जागेवर जाऊन बसले. मला तर त्या हसणाऱ्याची मान पिरगाळावीशी वाटली.

२. मानाचा फेटा

परीक्षा मात्र थांबली नाही. चिटणीस म्हणून यादी माझ्या हातात होती. फळीवरून जोतिबा एकेक सुरी उचलायचा, मी नाव वाचायचो. आधी सुंभाच्या जाड दोरीचे वीस तुकडे, मग त्याच सुरीने जोतिबाच्या हातावरचे केस उडतात का ते बघायचं, आणि शेवटी व्हाइसमध्ये टोक धरून वाकवायचं. वाकून परत सरळ झाली तर सुरी खरी.

आमचा नियम कडक आहे. पाचही सुऱ्या एकाच मापाच्या, लष्कराच्या मोडीत निघालेल्या एकाच लॉरीच्या कमानपाट्यातून, चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांतून, काढलेल्या. मूठ बसवायची नाही. मुठीत जाणाऱ्या शेपटाला सुतळी गुंडाळायची. नावाची खूण ठोकायची नाही. आणि चकाकीला कुणी भुलू नये म्हणून पात्यांना काजळी-तेलाचा एकसारखा हात द्यायचा. खंडेनवमीला ही पाचही पाती साळेत फळीवर मांडून त्यांची पूजा होते. त्यानंतर दसऱ्याच्या परीक्षेपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही, भाता हलवायचा नाही, ऐरणीवर ठोका मारायचा नाही. हुसेनभाईंच्या वडिलांपासून त्या साळेत हा दिवस पाळला जातो. ऐरणीला झेंडूचा हार त्यांच्या घरच्या जरिनाभाभीच घालतात आणि हळदकुंकू माझी बायको चारुशीला लावते.

दुसरं नाव लालासाहेबांचं. सांगलीकडचे मोठे बागायतदार, आवाजाने आणि अंगाने दांडगे. त्यांची सुरी वाकली ती वाकलीच, सरळ व्हायचं नाव नाही. लालासाहेबांचे कान लाल झाले. तिसरी माझ्या बायकोची. ती मुलींच्या शाळेत सायन्स शिकवते, आणि आमच्यात हातोडा चालवणारी एकटी बाई. तिची सुरी ठीक वाकली, ठीक सरळ झाली. चौथे विष्णुपंत, रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या सुरीला वाकवताना जोतिबाला घाम फुटला. पण ती परतली, आणि विष्णुपंतांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

पाचवा मी.

दर वर्षी माझी सुरी लोकांच्या करमणुकीसाठी असते. पहिल्या वर्षी ती दोरीतच अडकली होती. दुसऱ्या वर्षी गुळाच्या ढेपेनेही तिला दाद दिली नाही. पण यंदा वीस तुकडे झाले, जोतिबाच्या मनगटावरचे केस भुरभुर उडाले, आणि व्हाइसमध्ये ती वाकत वाकत पार काटकोनाजवळ गेली. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. जोतिबाने हात सैल केला. सुरी उभी झाली, सरळ, जणू काही झालंच नव्हतं.

मी ओरडलो की काय ते मला आठवत नाही. लोक म्हणतात ओरडलो. मंडळाचा मानाचा केशरी फेटा माझ्या डोक्यावर आला. गंगाधरपंत स्वतः उठून म्हणाले, "वकीलसाहेब, पाणी कसं दिलंत हो हिला?"

"कृष्णेच्या उगमाचं," मी छाती फुगवून सांगितलं. "महाबळेश्वरच्या गोमुखातून तांब्याच्या कळशीत भरून आणलं होतं. घरी अंगणात, लालबुंद पातं त्यात बुडवून, एकट्याने दिलं. कुणाची मदत नाही."

टाळ्या पडल्या. चारुशीलाने मात्र टाळी वाजवली नाही. ती व्हाइसपाशी उभी राहून हुसेनभाईंच्या मोडक्या सुरीकडे बघत होती. मला वाईट वाटलं. नवऱ्याचं कौतुक बायकोला शेवटी कळतं, हे खरंच आहे.

३. तांबूस कड

"इकडे या," तिने मला बोलावलं. "हे बघा."

मोडल्या जागेचा काप ती उन्हात धरून होती. तीनपैकी दोन भाग करडे, बारीक दाण्याचे, लख्ख. पण धारेकडचा एक भाग तांबूस-जांभळा.

"गंज," मी म्हणालो.

"गंज नव्हे. सुरी विझवून कडक झाली, की पुन्हा मंद तापवून तिचा कडकपणा उतरवतो ना आपण, तेव्हा पोलादावर हा रंग चढतो. पण तो वरच्या अंगावर चढतो. आत कसा गेला?"

मी वकील. असल्या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं. मी जरा विचार केला. "म्हणजे दुसऱ्यांदा तापवण्याच्या आधीच तिथं भेग होती. भेगेतून हवा आत गेली, रंग आतही चढला."

"बरोबर."

"मग चारू, चूक हुसेनभाईंचीच. विझवतानाच सुरी तडकली होती."

"हुसेनभाई विझवलेली सुरी आधी काय करतात?"

ते मंडळातलं पोरही सांगेल. ती ऐरणीवर हलकेच आपटतात आणि कान लावतात. घंटेसारखी वाजली तर चांगली. बद्द वाजली तर तडकलेली, आणि ती तिथेच मोडीत. माझ्या अशा चार सुऱ्या त्यांनी मोडीत टाकल्या होत्या. या वर्षी घरी पाणी द्यायचं कारण तेच होतं, हे मी चारूलाही सांगितलं नव्हतं.

"तडकलेली सुरी हुसेनभाई दुसऱ्यांदा तापवणारच नाहीत," ती म्हणाली. "ते म्हणाले ते खरं आहे. ही त्यांची नाही."

माझ्या अंगात वीज सळसळली. "अदलाबदल. कुणीतरी त्यांची सुरी लंपास करून ही ठेवली. घातपात आहे हा."

तेवढ्यात गंगाधरपंतांनी घड्याळ काढलं. सव्वाचारची गाडी होती, आणि स्टेशन गावाबाहेर लांब. ते हुसेनभाईंपाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, मिया. पण शाळेतल्या मुलांच्या हातात मला जोखमीचं पोलाद देता येणार नाही." मग वळून जोतिबाला म्हणाले, "तुम्हीही लोहारच ना? पत्ता देऊन ठेवा."

मी चारूचा दंड धरला. "बघितलंस? फायदा कुणाचा झाला ते बघ, म्हणजे चोर सापडतो."

पंत टांग्यात बसले. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

४. तीन जबान्या

"तुम्ही विचारा," चारू म्हणाली. "मला प्रत्येकाला फक्त एक गोष्ट विचारायची आहे. सुरीला पाणी कुठे दिलं, म्हणजे तापलेली सुरी कशात विझवली."

जोतिबाला मी साळेच्या दाराशीच गाठलं. तो हुसेनभाईंच्या हाताखाली वाढलेला, आता कोरेगावला स्वतःचं दुकान.

"नोकरी तुला पाहिजे होती की नाही?"

"पायजे व्हती की," तो सरळ म्हणाला. "पर ती हुसेनभाईंच्या मागनं. त्यांच्या पानातलं वडून खायला मी काय कुत्रं हाय व्हय?"

"सुऱ्यांना हात कुणी लावला?"

"काल पूजा झाल्याव कुनीबी न्हाई. आज सकाळी तुमी आन् मी फळी सरळ केली, तेवढंच. नंतर म्या डावीकडनं एकेक उचलली, आन् तुमी नाव वाचलं. माझा काय दोष, साहेब?"

त्याने सुरी केली नव्हती, त्यामुळे पाण्याचा प्रश्न नव्हता. मी चारूकडे बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती.

लालासाहेब त्यांच्या जीपपाशी धुमसत होते. लष्करी लिलावात घेतलेली ती जीप तालुक्यात एकटीच होती. "वकील, मला काय इचारता? माझीच सुरी कुनीतरी बदलली. माझं पोलाद लोखंडी पहारीसारखं आसतंय. मोडंल, पर असं शिसं होऊन पडनार न्हाई. माझ्या जन्मात माझी सुरी वाकून ऱ्हायली न्हाई."

"पाणी कुठे दिलंत, लालासाहेब?" चारूने विचारलं.

"हितंच. हुसेनभाईच्या पन्हाळीत, करडईच्या तेलात. घटस्थापनेच्या आदल्या रैवारी. तुमीबी व्हता की, वैनी."

म्हणजे लालासाहेबांचीही सुरी बदललेली. घातपाताचं जाळं मोठंच दिसत होतं. माझा उत्साह मावेना.

विष्णुपंत आतल्या ओट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. शांत माणूस, नखं स्वच्छ. "मी सांगू का, वकीलसाहेब? मला काहीच कळत नाहीये. माझी सुरी नेहमी मऊ होते. मला रंग चढताना बघायला आवडतं हो, निळा होईपर्यंत तापवतो मी, काय करणार, ड्रॉइंग मास्तर. आणि आज म्हणे जोतिबाला घाम फुटला. माझ्या सुरीने घाम फुटेल असं पोलाद मी केलेलंच नाही."

"पाणी?"

"तेलात. इथंच, तुमच्या मंडळींसमोर."

आम्ही बाहेर आलो. चारू चिंचेखाली थांबली आणि मोडक्या सुरीच्या शेपटावरची सुतळी सोडू लागली. सुतळीखाली काजळी पोचलेली नव्हती. तिथलं लोखंड करडं, स्वच्छ होतं.

"हुसेनभाईंच्या पन्हाळीतून निघालेल्या सुरीचं शेपूट काळंकुट्ट असतं," ती म्हणाली. "करडईचं तेल जळून त्यावर लुकणासारखं चिकटून बसतं. घासल्याशिवाय जात नाही, आणि शेपूट कुणी घासत नाही. याच्यावर तेलाचा थेंब नाही. ही पाण्यात विझवलीय. असलं पोलाद पाण्यात घातलं की तडकतं, हे हुसेनभाई आपल्याला पहिल्याच रविवारी बोलले होते."

"म्हणजे बाहेरून आणलेली सुरी," मी म्हणालो. "कारण मंडळातल्या सगळ्यांनी तेलात…"

मी थांबलो.

"काल मी पाच सुऱ्यांना कुंकू लावलं," चारू हळूच म्हणाली. "आजही पाचच होत्या. बाहेरून काही आलेलं नाही आणि बाहेर काही गेलेलं नाही. लालासाहेबांनी तेलात दिली. विष्णुपंतांनी तेलात. मी तेलात. हुसेनभाई जन्मभर तेलात. अहो, तुम्ही?"

५. फळी

कृष्णेच्या उगमाचं पाणी. तांब्याची कळशी. सुरी त्यात बुडाली तेव्हा 'टिंग' असा बारीक आवाज झाला होता. मला वाटलं होतं, पवित्र पाणी बोललं.

मी चिंचेच्या मुळावर बसलो. डोक्यावरचा फेटा एकाएकी जड झाला.

"शक्य नाही," मी म्हणालो. वकिलाचं शेवटचं हत्यार तेच असतं. "माझी सुरी तर सगळ्यांत चांगली निघाली. सगळ्या गावाने पाहिलं. आणि अदलाबदल करणार कुणी? मी तर केली नाही."

चारू माझ्याशेजारी बसली. तिने वहीचं पान उलगडलं. त्यावर एकाखाली एक पाच नावं होती. हुसेनभाई, लालासाहेब, ती, विष्णुपंत, मी.

"लालासाहेबांची सुरी कडक असते, आज मऊ निघाली. विष्णुपंतांची मऊ असते, आज कडक निघाली. हुसेनभाईंची मोडली आणि तुमची काटकोनात वाकून परत आली. प्रत्येकाच्या नशिबी आज दुसऱ्याचीच सुरी होती. फक्त माझी माझ्याकडे राहिली. माझी मी ओळखते, टोकाजवळ माझा हातोडा नेहमी एकदा घसरतो. एवढ्या पाचांत माझीच का बरं जागेवर राहावी?"

मी यादीकडे बघत राहिलो. ती मधली होती.

"सकाळी फळी 'सरळ' केली म्हणजे काय केलंत?" तिने विचारलं.

आणि मला सगळं दिसलं. काल पूजेला मांडताना सुऱ्यांची टोकं अंगणाकडे होती. मान म्हणून डावीकडे पहिली हुसेनभाईंची ठेवली. चिटणीस म्हणून मी माझी नम्रपणे शेवटी, उजवीकडे. तसंच यादीत लिहिलं. आज सकाळी लक्षात आलं, की पाहुण्यांच्या खुर्च्या समोरच येणार. पाहुण्यांच्या छातीकडे पात्याची टोकं करून बसवायचं म्हणजे अपशकुन. आणि सुऱ्यांना तर परीक्षेपर्यंत बोट लावायचं नाही. मग मीच शक्कल काढली. जोतिबाला हाक मारली, आम्ही दोघांनी फळीची दोन टोकं धरली आणि ती अख्खी गर्रकन फिरवली. टोकं भिंतीकडे गेली. नियमही मोडला नाही. स्वतःवर खूश होऊन मी पान खाल्लं होतं.

पण फळी फिरली की डावं उजवं होतं. मधली सुरी मधेच राहते. पहिली शेवटी जाते, आणि शेवटची पहिली येते.

चोर नव्हता. घातपात नव्हता. मोडलेली सुरी माझी होती, आणि ज्या पोलादासाठी मी फेटा मिरवत होतो ते हुसेनभाईंचं होतं. दुपारभर मी ज्याला शोधत होतो तो माझ्याच फेट्याखाली बसला होता.

खरं सांगतो, कारण खोटं बोलायला कोर्ट पुरेसं आहे. एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प राहावं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला टाळ्या मिळाल्या होत्या. चारूने माझ्या, म्हणजे हुसेनभाईंच्या, सुरीवरची सुतळी सोडली आणि शेपूट माझ्या नाकाशी धरलं. काळं, चिकट, जळक्या करडईचा वास. त्या साळेचा वास.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चाराला पाच कमी."

मी उठलो आणि आयुष्यात कोर्टात कधी ओरडलो नाही तसा ओरडलो, "लालासाहेब, जीप काढा."

६. सव्वाचारची गाडी

लालासाहेबांनी जीप रस्त्याने नेली असं म्हणता येणार नाही. रस्ता मधून मधून जीपखाली येत होता एवढंच. पुढे लालासाहेब आणि मी, मागे चारू, विष्णुपंत, जोतिबा, आणि मधोमध हुसेनभाई. त्यांना मी दंड धरून बसवलं होतं. "कुठं न्हेताय, वकीलसाहेब?" ते विचारत होते, आणि मी एका हाताने फेटा धरून सगळी हकीकत मागे ओरडून सांगत होतो. अर्धी वाऱ्यावर गेली. लालासाहेबांना मात्र पुरती ऐकू गेली.

"म्हंजी ती शिशाची सुरी इष्णुपंताची?" ते गरजले.

"हो हो, माझीच," विष्णुपंत मागून आनंदाने म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागली होती. गंगाधरपंत डब्यात चढत होते. मी धावलो. धोतराचा सोगा कुठे, चप्पल कुठे. डब्याच्या दारापाशी जाऊन मी दांडी धरली.

"पंत, एक गुन्हेगार आणलाय."

"कोण?"

"मी."

फलाटावरच्या लोकांपुढे, हमालांपुढे, चहावाल्यापुढे मी कबुलीजबाब दिला. फळी कशी फिरवली, पाणी कुठे दिलं, भेग कशी पडली, सगळं. चारूने मोडका तुकडा पुढे केला आणि तांबूस कड दाखवली. मग दोन्ही शेपटं त्यांच्या हातात दिली.

"वास घ्या," ती म्हणाली.

पंतांनी एक हुंगलं, दुसरं हुंगलं. दुसऱ्यापाशी ते बराच वेळ थांबले. त्यांच्या बोटाला काळं लागलं. "ही हुसेनमियांची," ते म्हणाले, आणि प्रश्न नव्हता तो.

मी डोक्यावरचा फेटा काढला. तो हुसेनभाईंच्या डोक्यावर ठेवायला गेलो. ते सारखे मागे सरत होते. मला एकाएकी राग आला, स्वतःचा आणि त्यांचाही.

"हुसेनभाई, तुम्ही सुरी हातात घेतलीत तेव्हाच म्हणालात की ही माझी नाही. मग कुणाची आहे ते कळलं नव्हतं तुम्हाला?"

त्यांनी डोक्यावरचा फेटा नीट केला.

"आवं, कळलं की. तुमचा हातोडा डावीकडं कलतोय. तीन साल सांगतोय मी, सरळ धरा, सरळ धरा. माझ्या साळंत शिकल्याला हात मी वळखनार न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाही? तुमची नोकरी चालली होती."

"बोलनार व्हतो. नजर फिरवली तर तुमी पुढं यादी घिऊन हुबं. म्हनलं, पंत पावनं समोर हायती, आपल्याकडं शिकल्याला मानूस, चार लोकांत त्येची सुरी मोडली असं कसं सांगावं. मागनं तुमाला फेटा बांधला. लय दिवसांनी तुमी खूश दिसलासा." ते जरा थांबले. "शिकवनाऱ्यानं आदी शिकनाऱ्याची लाज राखावी. लोखंड काय, परत तापवता येतं."

कोर्टात मी कधी गप्प बसलेलो कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी रहिमतपूरच्या फलाटाने पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी पुसलं नाही.

गार्डाने हिरवं निशाण काढलं. गंगाधरपंत डब्यातून खाली उतरले. त्यांनी हातातलं पोलाद माझ्याकडे दिलं आणि हुसेनभाईंचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला.

"मिया, मी हात बघायला आलो होतो. तो बघितला. पण मला नुसता हात नको होता, मास्तर हवा होता. दिवाळीनंतर शाळा सुरू होते. येणार?"

हुसेनभाईंनी मान डोलावली. गाडी हलली. पंतांनी धावत दांडी पकडली, आणि चढता चढता माझ्या हातातून मोडक्या सुरीचे दोन्ही तुकडे घेतले. "हेही लागतील मला," ते ओरडले.

आम्ही परत आलो तेव्हा गावात सीमोल्लंघन सुरू झालं होतं. जरिनाभाभी साळेच्या दारात उभ्या होत्या. फेटा नवऱ्याच्या डोक्यावर बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी आपट्याचं पान घेऊन हुसेनभाईंपुढे वाकलो, तर त्यांनी मला मधेच धरलं आणि म्हणाले, "सोनं ऱ्हाऊ द्या. फुडच्या वर्साला तेलात घालीन म्हना, तेवढं पुरं."

मी तसं म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात एका दाव्यासाठी मला सांगलीला जावं लागलं. उद्योगशाळेत गेलो. हुसेनभाई ऐरणीपाशी उभे होते, भोवती बारा मुलं, आणि एक विझवलेली पट्टी ऐरणीवर आपटून ते त्यांना कान लावायला सांगत होते. मागच्या भिंतीवर एक काळी पाटी होती. तिच्यावर माझ्या सुरीचे दोन तुकडे तारेने बांधलेले, तांबूस कड मुद्दाम बाहेर काढलेली. खाली खडूने लिहिलं होतं, "पाण्यात विझवलेले कमानपाट्याचे पोलाद. का मोडले ते सांगा."

घडवणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. मी मुलांच्या मागे जाऊन उभा राहिलो. हुसेनभाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हात वर केला.

"मी सांगतो," मी म्हणालो. "ती माझी आहे."